भोरड्यांचा टायमर

तेरावं उरकून तुम्ही परदेशी परत गेलात आणि पंधरवडा उलटल्यावर तुमचा फोन आला. आजोबांचा टॅबलेट तुम्ही आठवण म्हणून सोबत नेला होता. तुमच्यातल्या मोठीनं त्यातला खेळ उघडून बघितला होता.

"आजी, या पाखरांचा टायमर इतका मोठा का ठेवलायस?" तिनं विचारलं. "भोरडी येते, अर्धं मिनिट बसून कणीस खाते आणि आपली आपण उडून जाते. खेळणाऱ्यानं काही करायचंच नाही असा खेळ झालाय हा. चुकून जास्त आकडा पडलाय का?"

चुकून पडलेला नाही, लिहून कळवते, एवढंच मी म्हणाले. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. मला गोष्टी क्रमानं सांगायची सवय आहे, आणि फोनवर क्रम राहत नाही.

पोळ्यानंतर आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, हे तुम्हाला माहीत आहे. उजवा हात गेला आणि बोलणं तुटलं. बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम देत राहा, येईल हळूहळू. पहिले काही महिने महत्त्वाचे. तुमच्या आईवडिलांनाही आम्ही एवढंच सांगितलं. खरी अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. आजोबा जेवत नव्हते.

डाव्या हातानं जेवायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आणि भरवून घ्यायलाही ते तयार नव्हते. मी घास पुढे केला की ते ओठ मिटत आणि मान भिंतीकडे वळवत. एकदा फार आग्रह केला तेव्हा मोठ्या कष्टानं तीन शब्द बाहेर आले. "लेकरू... हाय... मी?" मग मी भाकरी दुधात कुस्करून, पातळ करून फुलपात्रात द्यायला लागले. फुलपात्र ते डाव्या हातानं धरत, कारण ते पिणं होतं, त्यात कमीपणा नव्हता. पण पिऊन झालं की दर वेळी माझ्याकडे बघून म्हणत, "जेवलो... न्हाई."

पोटात अन्न जात होतं, तरी माणूस वाळत चालला होता. उजवा हात तोंडापर्यंत येईल का, एवढाच प्रश्न मला त्या दिवसांत होता.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू देऊन गेली. आजोबांनी तो एकदा दाबला आणि पलंगाखाली टाकून दिला. ज्यानं उभा जन्म कुळव धरला, पऱ्हाटीचा कापूस वेचला, त्याला पोकळ चेंडू दाबत बसणं पटलं नाही. तेव्हा व्हिडिओ कॉलवर मोठी म्हणाली होती, "आजी, त्यांना हात हलवायला कारण पाहिजे. बोट लावलं की काहीतरी घडेल असं. मी एक खेळ करून पाठवते."

मी म्हणाले, "तू शिकव. मी करते. तुझा अभ्यास आहे, आणि मला रोज बदल करावे लागतील. दर वेळी तुला कुठे उठवू?"

कसला खेळ, हे मला लगेच सुचलं. लहानपणी आजोबा ज्वारीच्या राखणीला बसायचे. कणसात दाणा भरला की शेतात मचाण बांधायचं, वर उभं राहून गोफणीनं पाखरं उठवायची. थंडीत भोरड्यांचे थवे येतात. काळं डोकं, फिकट गुलाबी अंग, आणि उतरल्या की रान फस्त करून जातात. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे गोफणीचे किस्से मी ऐकले होते. खेळ असा ठरला: पडद्यावर ज्वारीचं रान, भोरडी येऊन कणसावर बसणार, उजव्या हाताचं बोट तिच्यावर टेकवलं की ती उडणार. नाही टेकवलं तर ती कणीस खाणार.

भोरड्या धाकट्यानं काढून पाठवल्या. पहिली बघून आजोबा म्हणाले, "कोंबडी." धाकट्या, तू त्या दिवशी रुसून कॅमेऱ्यासमोरून उठून गेलास, पण दुसऱ्या दिवशी काढलेली छान होती. तिची मान बरोबर तिरकी होती.

टायमर म्हणजे काय, हे मोठीनं मला सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं: टायमर हा शाळेचा शिपाई. त्याला ना इतिहास येतो ना गणित. ठरलेला वेळ झाला की तो घंटेवर टोला देतो, आणि घंटा झाली की कुणी काय करायचं ते दुसरीकडे ठरलेलं असतं. त्या ठरलेल्या कामाला फंक्शन म्हणायचं. एक टोला देऊन थांबणारा टायमर वेगळा, दर तासाला टोला देणारा वेगळा. मला पहिल्यांदा दुसरा पाहिजे होता. दर तीन सेकंदांनी घंटा, आणि घंटा झाली की एक भोरडी रानात उतरवायची.

मी लॅपटॉपवर तसं लिहिलं, टॅबलेटवर घेतलं आणि मोठ्या ऐटीत आजोबांच्या मांडीवर ठेवलं. तीन सेकंद काहीच झालं नाही. मग एकाएकी सगळा पडदा भोरड्यांनी भरून गेला. एकीवर एक, आभाळ नाही, कणीस नाही, नुसती काळी डोकी. टॅबलेट तापला आणि बंद पडला.

आजोबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण आवाज आला. "लई..." ते म्हणाले, आणि पुन्हा हसू आलं म्हणून त्यांना पुढचं बोलता येईना. "लई... पीक... पिकलं!"

संध्याकाळी मोठीनं माझा कोड बघितला आणि कपाळाला हात लावला. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्यानं काढलं जातं आणि तेवढ्याच वेळा एक फंक्शन चालतं. मी टायमर त्याच्यात तयार केला होता. "आजी, तू क्षणाक्षणाला नवा शिपाई नेमलास. सगळे घंटा बडवतायत!" टायमर एकदाच, खेळ सुरू होताना तयार करायचा, हे मी शिकले. ती चूक दुरुस्त करायला मला थोडं जिवावर आलं, हेही खरं.

दुसरी चूक आजोबांनी पकडली. प्रत्येक भोरडीला मी स्वतःचा एक टायमर दिला होता, एका टोल्याचा. ती बसली की तो सुरू व्हायचा आणि वेळ संपली की कणीस संपवणारं फंक्शन चालायचं. आजोबांनी मोठ्या कष्टानं हात सरकवून बोट टेकवलं आणि भोरडी उडवली. ती उडाली. थोड्या वेळानं, तिथे कुणीच नसताना, कणीस आपोआप रिकामं झालं. आजोबांनी डोळे बारीक केले. पुन्हा तसंच झालं. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि त्या कणसाकडे बोट करून सांगितलं, "उंदीर."

मी मोठीला सांगितलं, आजोबा म्हणतात रानात उंदीर शिरलाय. ती हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "पाखरू गेलं तरी त्याचा टायमर मागे जिवंत राहिलाय, आजी. उडवताना तो रद्द करायचा असतो." मी रद्द केला. उंदीर गेला.

तिथून पुढचे काही आठवडे बरे गेले. सकाळी आजोबांना व्हरांड्यात खुर्चीत बसवायचं, मांडीवर उशी, उशीवर टॅबलेट. खांद्यापासून हात हलायला लागला, मग कोपर. बोट एका जागी टेकायला लागलं. मला उत्साह चढला आणि मी खेळात आणखी एक टायमर घातला. त्याचा टोला पडला की आभाळाचा रंग बदलायचा. सकाळचं पांढुरकं, दुपारचं लख्ख, आणि शेवटी तांबडं. तांबडं अंधारलं की खेळ संपला. गरज काही नव्हती. चांगलं दिसत होतं म्हणून केलं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की आजोबा शेवटी शेवटी थकतात. सुरुवातीच्या भोरड्या ते उठवत आणि शेवटच्या चार-पाच तशाच बसून खात. त्यांचं बोट हवेत उचललेलं असे आणि ते खाली घेत. व्यायामवाली मुलगीही म्हणाली, थकत असतील, ताण देऊ नका. मग मी भोरडीच्या खाण्याचा टायमर वाढवला. तीनाचे पाच सेकंद केले. तरी शेवटच्या भोरड्या सुटायच्याच. पाचाचे आठ केले. खेळातल्या सकाळच्या भोरड्या त्यांना आता फार सोप्या झाल्या, ते कंटाळून माझ्याकडे बघायचे, आणि शेवटच्या तरीही सुटायच्या. मी मनाशी धरलं की हात इथवरच येणार. तोंडापर्यंत जायचं तर यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं. तुम्हाला मी फोनवर "छान चाललंय" सांगत होते, आणि फुलपात्रात भाकरी कुस्करत होते.

दिवाळीनंतर तेलगावहून आक्का आल्या. आजोबांची थोरली बहीण, तुमची आक्काआजी. त्यांचा माझ्यावर जीव आहे, पण मला मास्तरीण म्हटल्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नाही. आल्या दिवशी त्या भावाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि टॅबलेटमध्ये डोकं घातलं.

"ह्ये काय गं, मास्तरीन?"

"ज्वारीची राखण आहे, आक्का. त्यांचा हात यावा म्हणून."

"आन् गोफन कुटंय?"

"बोटानंच उठवायची पाखरं."

"बोटानं उटत्यात व्हय! आमी येडेच म्हनायचे मंग, खांदे मोडूस्तोवर गोफन फिरवली." मग त्या भावावर घसरल्या. "हां, उटव की. ती बग, ती. आरं, डाव्या बाजूची! लहानपनी बी असाच. मी गोफन फिरवायची आन् ह्यो मचानावर हुरडा खात बसायचा."

आजोबांनी तिच्याकडे न बघता भोरडी उठवली. मग दुसरी. कितीतरी दिवसांनी मी त्यांना इरेला पेटून खेळताना बघत होते. आभाळ तांबडं झालं. भोरड्या येऊन बसल्या. आजोबांनी बोट उचललं, आणि खाली घेतलं.

"थकले बघा," मी म्हणाले. "शेवटी असंच होतं. वेळ अजून वाढवते."

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "कावून वाढिवती?"

"उठवता येत नाहीत त्यांना."

"उटवायची न्हाईतच!" आक्का म्हणाल्या. "दिस मावळाया लागलाय न्हवं? आता जे पाखरू बसलं ते रातीच्यापुरतं पोटात घिऊन जातंय. त्याला उटवायचं नसतं. आमचा बाप आभाळ तांबडं झालं की खालून वरडायचा, उतरा रं, पाखरांचं जेवन हाय! येकदा ह्यानं उटवली तर बापानं गोफन काडून घेतली, दोन दिस दिली न्हाई. काय रं, खरं का न्हाई?"

आजोबांनी मान हलवली. "काडून... घेतली," ते म्हणाले. इतक्या वर्षांनंतरही आवाजात तक्रार होती.

इतके किस्से ऐकले, पण हा कधी कानावर आला नव्हता. त्यांच्या दृष्टीनं ती सांगायची गोष्टच नव्हती. संध्याकाळी पाखरू उठवत नाहीत, यात काय सांगायचं?

"तुज्या विंग्रजी रानात पाखरांना संध्याकाळचं जेवन न्हाई दिसत," आक्का म्हणाल्या आणि तपकिरीची डबी काढली.

मी उठून आत गेले. लॅपटॉप उघडला. मला आनंद आवरत नव्हता. हात थकत नव्हता. ते बोट उचलत होते आणि आपल्या इच्छेनं खाली घेत होते. मी आठ सेकंदांचे पुन्हा तीन केले. दुसऱ्या सकाळी आजोबांनी खेळातल्या दुपारपर्यंतची एकही भोरडी कणसाला चोच लावू दिली नाही. मी अडीच केले. दोन केले. आक्का बाजूला बसून भावाला डिवचत होत्या, आणि त्यांचा हात झपाझप चालत होता.

त्याच आठवड्यात, आक्का तिथेच बसलेल्या असताना, आजोबांनी ताटातली भाकरी उजव्या हातानं मोडली. बोटांत नीट धरता येत नव्हती, म्हणून तळहातानं ताटाच्या काठावर दाबून मोडली. तुकडा वांग्याच्या रश्शात बुडवला आणि हात वर न्यायला लागले. कोपर थरथरत होतं. मी पुढे झाले तर आक्कांनी माझं लुगडं धरून मागे ओढलं. अर्धा तुकडा सदऱ्यावर पडला. अर्धा तोंडात गेला. आजोबांनी तो चावला, गिळला, आणि आमच्या दोघींकडे बघून म्हणाले, "जेवलो."

त्या दिवशी आम्ही तुम्हाला अवेळी फोन करून उठवलं आणि तुम्ही अंथरुणात बसून टाळ्या वाजवल्यात. ते आठवत असेल.

संक्रांतीच्या आधी आक्का तेलगावला परत गेल्या. खऱ्या रानात तेव्हा ज्वारी भरात होती. आता आपलं शेत अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिलेलं आहे, राखणीला कुणी बसत नाही. बांधाच्या धुऱ्यावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधतात, वाऱ्यानं त्या वाजतात. व्हरांड्यातून ते दिसायचं. एका सकाळी आजोबा खुर्चीत बसले असताना त्यांची मान थोडी कलली. मोठं काही झालं नाही. पडले नाहीत, शुद्ध गेली नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एक झटका येऊन गेला, लहान होता, बघू या.

चार-सहा दिवसांनी मी टॅबलेट पुन्हा उशीवर ठेवला. भोरडी येऊन बसली. आजोबांनी बोट उचललं नाही. भोरडीनं कणीस खाल्लं. दुसरी आली. मी आभाळाचा रंग बघितला. दुपार होती.

माणूस काय काय धरून बसतो बघा. मला वाटलं, झटक्यानं त्यांना वेळेचं भान राहिलं नसेल, त्यांना ही संध्याकाळच वाटत असेल. मी खेळातून संध्याकाळ काढून टाकली. आभाळ बदलणारा टायमरच बंद केला. आता रानात कायम लख्ख दुपार, कुणाचा बाप खालून हाक मारणार नाही अशी. तरी बोट उचललं गेलं नाही. मग मी खाण्याचा टायमर वाढवत गेले. पाच केले, आठ केले, पंधरा केले. आकडा बदलायचा, टॅबलेटवर घ्यायचा, व्हरांड्यात न्यायचा. बीडहून व्यायामवाली मुलगी आली, तिनं आजोबांचा हात उचलून सोडला, तो उशीवर पडला, आणि ती माझ्याशी हवापाण्याचं बोलायला लागली. ती गेल्यावर मी अर्धं मिनिट केलं. हाच तो टायमर, जो मोठीला सापडला.

अर्धं मिनिट खूप मोठं असतं. भोरडी उतरते, मान तिरकी करते, खायला लागते. मी खुर्चीशेजारी आक्कांच्या जागी बसले होते. म्हणाले, "अहो, दुपार आहे. उठवा की. अख्खं कणीस संपवील ती."

आजोबा तिच्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजत होतं, त्यांच्या डोळ्यांवरून मला ते कळत होतं. दुपार आहे हेही त्यांना दिसत होतं.

"बसू... दे," ते म्हणाले.

हात उचलत नव्हता म्हणून तसं म्हणाले, की खरंच तिला खाऊ द्यावं असं त्यांना वाटलं, ते मी विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही. तुम्हीच ठरवा, आणि तुमचं वेगवेगळं ठरलं तर भांडू नका.

भोरडी खाऊन उडून गेली तशी मी टॅबलेट बंद केला आणि आत जाऊन ताट वाढून आणलं. मऊ भाकरी, वरण, लोणी. फुलपात्र आणलं नाही. का आणलं नाही ते मला सांगता येणार नाही. ताट स्टुलावर ठेवलं.

आजोबांनी ताटाकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे. तो उशीवर तळवा वर करून पडला होता. त्यांनी डाव्या हातानं तो मनगटाशी धरून उचलला, हळूच पोटाजवळ घेतला आणि वरून शाल ओढून झाकला. शालीची घडी नीट केली. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि उघडलं.

मी भाकरी मोडली, वरणात बुडवली. माझा पहिला घास फार मोठा झाला. त्यांनी मान हलवली. मी तो अर्धा केला, आणि तो त्यांनी घेतला.